‘कोणता सिद्धांत वापरलात?’ याचं उत्तर गृहभेटीच्या आधी शोधायचं असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पहिल्या वर्षाला आहात आणि फिल्डवर्क कोल्हापुरातल्या एका वसाहतीत आहे. आठवीतली एक मुलगी दोन महिने शाळेत गेलेली नाही. वडील शिरोलीच्या फौंड्रीत कामाला आहेत, दारू पितात. आई चार घरी धुणंभांडी करते. घरात आजी आणि तीन वर्षांचा भाऊ. तुमच्या तीन गृहभेटी झाल्या, तिन्ही संध्याकाळी पाचनंतर. रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटींच्या लेखी नोंदीत, तुम्ही आधी मास्लोचा गरजांचा सिद्धांत लिहिला, मग एरिकसनचा वाढीच्या टप्प्यांचा लिहिला, आणि दोन्ही वेळा सुपरव्हायजरनी ‘लागू कसा केला?’ एवढंच लिहून वही परत दिली. आता तुम्ही विचारताय की या केसला नेमका कोणता सिद्धांत बसतो.

मी बावीस वर्षं या जिल्ह्यात काम करते आहे. सुरुवातीला वसाहतींमध्ये होते, नंतर कौटुंबिक समुपदेशनात आले, आणि गेली काही वर्षं विद्यार्थ्यांचं फिल्डवर्कही बघते. तुमच्यासारख्या वह्या मी भरपूर वाचल्या आहेत, म्हणून सांगते, तुमची अडचण सिद्धांत निवडण्याची नाही. भेटी आधी झाल्या, मग रात्री बसून पुस्तक उघडलं आणि जो सिद्धांत जवळचा वाटला तो शेवटच्या परिच्छेदात लिहिला. एक साधी परीक्षा घेऊन बघा. तुमच्या वहीतला ‘सैद्धांतिक आधार’ हा परिच्छेद फाडून टाकला, तर तिन्ही भेटींत तुम्ही जे विचारलंत, ज्यांना भेटलात, ज्या वेळेला गेलात, त्यातलं काही बदलेल का? बदलणार नसेल तर सिद्धांत लागू झालेलाच नाही. सुपरव्हायजर हेच विचारताहेत.

माझ्या कामात सिद्धांताचा उपयोग एकच: पुढच्या वेळी मी कुठे जायचं, कुणाला गाठायचं आणि काय विचारायचं, हे तो मला सांगतो. जो सिद्धांत मला वेगळ्या दाराशी नेत नाही, तो त्या केसपुरता मी बाजूला ठेवते. तो चूक आहे म्हणून नव्हे, मला त्याचा काही उपयोग नाही म्हणून.

पुढे जाण्याआधी, काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही शाळेच्या वतीने त्या घरी जाताय, एखाद्या संस्थेच्या, की बालकल्याण समितीने अहवाल मागवलाय, त्यावर तुमचं काम ठरतं. तुमच्या हातात अजून तीन भेटी आहेत की तीन महिने, यानेही फरक पडतो. आणि एक गोष्ट सिद्धांताच्या आधी येते, ती म्हणजे मुलीची सुरक्षितता. तेरा-चौदा वर्षांची मुलगी अचानक शाळा सोडते तेव्हा घरात किंवा वाटेवर काही घडलंय का, लग्नाची बोलणी चालू आहेत का, हे आधी बघायचं. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका आली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ‘मी विद्यार्थिनी आहे’ म्हणून त्यातून सूट नाही. अशा वेळी त्याच दिवशी सुपरव्हायजरना फोन करायचा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाईनचा नंबर मोबाईलमध्ये साठवलेला असू द्या. हे सगळं नाही, अशी खात्री झाल्यावरच पुढचं वाचा.

आता मास्लो. माणसाच्या गरजा पायरीपायरीने येतात, आधी अन्न-निवारा, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, ही त्याची मांडणी १९४३ ची. गरजांचा जो पिरॅमिड आपण परीक्षेत काढतो तो त्याच्या मूळ लेखात नाही, तो पुढे इतरांनी काढला. आणि गरजांचा हा क्रम वाटतो तितका घट्ट नसतो, असं त्याच लेखात त्याने स्वतः म्हटलं आहे. आपल्याकडच्या कुठल्याही वसाहतीत हे डोळ्यांनी दिसतं. घरात उद्याच्या तेलाची पंचाईत असते, तरी भावकीतल्या बारशाला कापड घेऊन जायचंच, जत्रेला पाव्हण्यांना जेवायला घालायचंच. बाहेरून बघणाऱ्याला तो खर्च वायफळ वाटतो. पण उद्या दवाखान्यात रात्री दोन वाजता रिक्षा घेऊन कोण येणार, हे त्या बारशावर ठरत असतं. म्हणजे ‘आपलेपणा’ ही वरच्या पायरीवरची चैन नसून पोटाची तरतूदच असते. ‘या कुटुंबाच्या मूलभूत गरजा भागलेल्या नसल्यामुळे शिक्षणाला प्राधान्य नाही’ असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य वसाहतीतल्या दोनशे घरांना लागू पडेल, आणि त्यातल्या बहुतेक घरांतल्या मुली रोज शाळेत जातात. याच घरातली का जात नाही, हे मास्लो सांगत नाही. एरिकसनचंही तसंच. त्या वयात ओळख घडत असते, हे खरं. पण ते शेजारच्या मुलीलाही तितकंच खरं आहे.

तुमच्या केसमध्ये मी आधी मानसशास्त्रज्ञ ब्रॉनफेनब्रेनरला हात घालीन. १९७९ ची त्याची मांडणी तुम्हाला पाठ असेल: मुलाच्या वाढीवर परिणाम करणारी त्याच्याभोवतीची वर्तुळं (घर, शाळा, आई-बापाचं काम), डब्यात डबा बसावा तशी. परीक्षेत आपण वर्तुळं काढतो, नावं लिहितो आणि मोकळे होतो. खरी गंमत दोन वर्तुळांच्या मधल्या जागेत आहे, आणि विद्यार्थी तीच सोडून देतात. मुलीचं घर एक, मुलीची शाळा एक. पण घर आणि शाळा एकमेकांशी बोलतात का? बोलतात तर कोण, कुठे, किती वाजता?

एक प्रसंग सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). पाचवीतला मुलगा होता. शाळेच्या नोंदीत लिहिलेलं, ‘पालक उदासीन, तीन सभांना गैरहजर.’ मी सभेची वेळ विचारली. मंगळवारी सकाळी साडेअकरा. त्याची आई त्या वेळी तिसऱ्या घरी भांडी घासत असायची, आणि एका घरचा खाडा झाला की महिन्याच्या शेवटी मालकीण पैसे कापायची. इथवर कुणालाही सुचेल. पण मी तिला विचारलं, ‘एकदाही जमलं नाही का?’ तेव्हा ती म्हणाली, ‘गेल्तो की मॅडम. दोनदा गेटापातूर गेल्तो. अंगावर कामाची साडी, वली झालेली. आत समद्या बायका नटून बसलेल्या. मग म्हागारी फिरलो.’ शाळेच्या रजिस्टरला ती गैरहजर होती. प्रत्यक्षात ती दोनदा आली होती आणि गेटापासून परतली होती. पुढे वर्गशिक्षिकेला मी विनंती केली, त्या संध्याकाळी सहाला वसाहतीतल्या देवळाच्या कट्ट्यावर आल्या. त्या अर्ध्या तासात दोघींनी एकमेकींबद्दल काय समज करून घेतला होता ते बाहेर आलं. बाईंना वाटत होतं आईला पडलेली नाही. आईला वाटत होतं शाळेतनं बोलावणं आलं म्हणजे तक्रारच असणार. मुलगा महिन्याभरात नियमित झाला. मुलाशी मी एकदासुद्धा समुपदेशनाला बसले नव्हते.

तुमच्या केसमधला फौंड्रीचा मुद्दाही याच मांडणीत येतो. ती मुलगी कधी शिरोलीत पाऊल टाकत नसेल, पण वडिलांची पाळी कोणती आहे यावर तिचा दिवस ठरतो. रात्रपाळीचा माणूस सकाळी आठला घरी येतो, दहा बाय बाराच्या खोलीत दुपारपर्यंत झोपतो. तीन वर्षांचं पोर त्या वेळात कोण सांभाळतं? त्याला आवाज न करू देता बाहेर कोण फिरवतं? हा प्रश्न तुमच्या वहीत नाही. पाळी कोणती हेही लिहिलेलं नाही. सिद्धांत आधी डोक्यात असता, तर हे तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलं असतं.

आता जरा लांबण लावते, कारण पुढची गोष्ट मला महत्त्वाची वाटते आणि ती चूक मी स्वतः केलेली आहे.

इचलकरंजीकडची एक बाई होती. नवरा यंत्रमागावर, प्यायला की मारहाण करायचा. दीड वर्षात ती आमच्याकडे चार वेळा आली. प्रत्येक वेळी रडली, प्रत्येक वेळी परत घरी गेली. तिसऱ्या वेळी मी फाईलमध्ये लिहिलं, ‘शिकलेली असहायता.’ सेलिगमन आणि मायर यांचे कुत्र्यांवरचे प्रयोग तुम्ही वाचले असतील. १९६७ मध्ये त्यांनी दाखवलं की ज्या प्राण्याला धक्के टाळण्याचा कुठलाच मार्ग मिळालेला नाही, तो पुढे वाट मोकळी असली तरी हलत नाही, पडून राहतो. मला वाटलं, हीच ती. मग माझं समुपदेशन त्या निदानाप्रमाणे चालू राहिलं: तू सक्षम आहेस, तू करू शकतेस, आत्मविश्वास ठेव. ती मान हलवायची.

चौथ्या वेळी कागदाची झेरॉक्स आणायला शिपाई गेला होता आणि मी तिच्या शेजारी बाकावर बसले होते. टेबलाच्या पलीकडे नव्हे, शेजारी. तिने पिशवीतून मुलीची जुनी वही काढली, पाठचं पान उघडलं. तिथे पेन्सिलने तीन रकाने आखलेले. एकात भिशीचे हप्ते, दुसऱ्यात सोनाराकडे गहाण ठेवलेल्या मण्यांचं व्याज, तिसऱ्यात मुलीच्या क्लासची फी. बोट ठेवून ती मला समजावत होती. ‘भिशी दिवाळीला फुटती. त्यात मणी सोडवतो. पोरीची दहावी मार्चात हाय. आत्ता घर सोडलं तर तिची शाळा सुटती. मार्च हू द्या मॅडम, मग मी बघतो.’

ती दीड वर्ष हिशेब करत होती आणि मी तिला असहाय म्हणत होते. परत जाणं हा तिच्या योजनेचा भाग होता. तिला माझ्याकडून आत्मविश्वास नको होता. मार्चपर्यंत जीव सांभाळून राहायला काय लागेल, ते हवं होतं. मग आम्ही त्यावर काम केलं. शाळेचे दाखले आणि आधार कार्डांच्या प्रती तिच्या बहिणीकडे ठेवल्या. रात्री आरडाओरड झाली तर फोन करायला शेजारची एक म्हातारी तयार झाली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकारी कोण असतो, त्या घरात राहण्याचा तिला काय हक्क आहे, हे तिच्या भाषेत सांगितलं. दहावीचा निकाल लागायच्या आधीच, मे महिन्यात, दोन्ही मुलं घेऊन ती भावाकडे गेली.

या गोष्टीचा अर्थ सिद्धांत फेकून द्या असा काढू नका. खुद्द सेलिगमन आणि मायर यांनीच २०१६ मध्ये, जवळजवळ पन्नास वर्षांनी, मेंदूविज्ञानाच्या आधारे आपली मांडणी उलटी केली. त्यांचं म्हणणं असं की लांबलेल्या त्रासात निपचित पडून राहणं हे शिकलेलं नसतं, ती शरीराची मूळचीच प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते नियंत्रण. आपल्या करण्याने काहीतरी बदलतं, हा अनुभव मिळावा लागतो. कामाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. पहिल्या मांडणीत मी माणसाच्या मनातलं काहीतरी काढून टाकायला बघते. दुसऱ्या मांडणीत मी विचारते, आज या बाईच्या ताब्यात काय आहे? भिशीची वही तिच्या ताब्यात होती. ती पकडून पुढे जायचं होतं. त्या दिवसापासून माझी एक सवय झाली. एखादा माणूस काही करत नाही असं वाटलं, की सिद्धांताचं नाव लिहिण्याआधी मी त्याला विचारते, ‘तुम्ही कशाची वाट बघताय?’ पुष्कळदा उत्तर मिळतं, आणि ते तारखेसकट मिळतं.

यातूनच दुसरा मुद्दा येतो, आपल्या लिहिण्याचा. हॉवर्ड बेकरचा लेबलिंगचा, म्हणजे माणसावर शिक्का मारण्याचा विचार आणि गॉफमनचा कलंकाचा विचार, दोन्ही १९६३ चे. आपण ते गुन्हेगार मुलांसाठी, मनोरुग्णांसाठी वाचतो. मी ते आधी माझ्या फाईलला लावते. ‘आई निष्काळजी’ हे दोन शब्द एकदा कागदावर आले की पुढचा कार्यकर्ता तेच डोळ्यांत घालून त्या घरात शिरतो, शाळा तेच वाचते, समितीपुढे तेच जातं. ती बाई मग काहीही करो, तिला त्या दोन शब्दांतून बाहेर पडता येत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगते की माणसाला विशेषण लावायचं नाही, त्याने काय केलं ते लिहायचं. ‘आई सकाळी सहा ते दीड घराबाहेर असते, परतल्यावर स्वयंपाक करते, मुलीच्या शाळेचा विषय भेटीत तिने स्वतः काढला नाही’ असं लिहा. वाक्य लांबतं, लांबू द्या. तुमच्या वहीत वडिलांसाठी ‘बेजबाबदार’ हा शब्द चार वेळा आलाय. तो माणूस भट्टीपुढे पाळी करून पगार घरात देतो की नाही, हे मात्र कुठेच नाही.

वडिलांच्या दारूबद्दल. इथे प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे यांच्या बदलाच्या टप्प्यांचा मला खरोखर फायदा झालाय. १९८३ मध्ये त्यांनी आपलं आपण सिगारेट सोडणाऱ्या माणसांचा अभ्यास करून ही मांडणी केली. आधी सोडण्याचा विचारच नसतो, मग विचार घोळतो, मग तयारी (हा टप्पा पुढे जोडला गेला), मग कृती, मग ते टिकवणं. आपण काय करतो, तर ज्याच्या मनात विचारच नाही त्याला कृतीचा सल्ला देतो. ‘दारू सोडा, मुलीकडे बघा.’ तो ‘व्हय मॅडम’ म्हणतो आणि पुढच्या भेटीला घरात नसतो. फौंड्रीतल्या एका कामगाराला मी उलटं विचारलं होतं, घेतल्यावर बरं काय वाटतं? तो जरा थांबला, मग म्हणाला, ‘पाळी सुटली तरी अंग भट्टीगत तापल्यालं असतंय. दोन घेतल्या की झोप लागती.’ मग मीच न विचारता म्हणाला, ‘पण पोरं जवळ येत न्हाईत.’ या दुसऱ्या वाक्यासाठी पहिला प्रश्न विचारायचा असतो. त्याच्या मनातली ओढाताण त्याच्याच तोंडून यावी लागते.

आणि एक सावधगिरी, जी या सिद्धांतात सापडणार नाही. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू बंद केली तर हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं, असं जिवावर बेतू शकतं. ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घरच्यांपुढे घ्यायला लावू नका. आधी डॉक्टर. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, घेऊन जाणं हे समुपदेशनापेक्षा मोठं काम ठरू शकतं.

आतापर्यंत घर, शाळा, कारखाना झाला. पण काही प्रश्न एकेका माणसाशी बोलून सुटतच नाहीत, आणि इथे समाजशास्त्र नसेल तर आपण माणसालाच दुरुस्त करत बसतो. विधवा बायकांबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. आम्ही त्यांच्या आत्मसन्मानावर गट घ्यायचो, त्या छान बोलायच्या. मग एक जण म्हणाली, ‘मला टिकली लावायची लाज न्हाई ओ ताई. पर जाऊ हळदीकुंकवाला बोलवत न्हाई, तेचं काय करू?’ तिच्या मनात काही बिघडलेलंच नव्हतं. जे होतं ते जावेच्या उंबऱ्यात होतं, आणि जाऊसुद्धा गाव काय म्हणेल म्हणून तशी वागत होती. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. ठरावाने एका रात्रीत सगळं बदलत नाही, हे मला माहीत आहे. पण ‘गाव काय म्हणेल’ या प्रश्नाला गावानेच उत्तर दिलं, हे दहा वर्षांच्या वैयक्तिक समुपदेशनाने झालं नसतं. रूढी सगळ्यांनी मिळून धरलेली असते, म्हणून एकटीला सोडता येत नाही. समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने सामाजिक तथ्य म्हणून जे सांगितलं ते मला पुस्तकात समजलं नव्हतं, त्या बाईच्या वाक्यात समजलं.

कोल्हापूरकरांना तर यासाठी लांब जायलाच नको. शाहू महाराजांपुढे प्रश्न काय होता? बहुजनांची पोरं शिकत नाहीत. ‘त्यांना शिक्षणाची आवड नाही’ हे उत्तर तेव्हाही तयार होतं. महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहं उघडली, आधी मराठा बोर्डिंग आणि मग एकेका समाजासाठी. खेड्यातलं पोर शहरात शिकायला आलं तर राहणार कुठे आणि जेवणार काय, हा त्यामागचा विचार. १९०२ ला राखीव जागा, म्हणजे शिकून पुढे काय, याचं उत्तर. १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. मुलाच्या ‘आवडी’ला हात न लावता त्याच्याभोवतीची एकेक अडचण त्यांनी दूर केली. ब्रॉनफेनब्रेनरचा जन्मच १९१७ चा! विद्यार्थी मला म्हणतात की हे सगळे सिद्धांत परदेशी, आपल्याकडे चालत नाहीत. त्यांना मी दसरा चौकातून जाताना त्या जुन्या बोर्डिंगांच्या इमारतींकडे बघायला सांगते.

परदेशी असण्याची अडचण येत नाही असं मात्र नाही. मुलाच्या जिव्हाळ्याचा सिद्धांत मांडणाऱ्या बॉल्बीने सुरुवातीच्या मांडणीत एकट्या आईवर फार भर दिला. आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात आई-बाप टोळीबरोबर इकडच्या कारखान्यांवर येतात आणि धाकटी पोरं चार-सहा महिने गावी आजीजवळ राहतात. अशा मुलाची केस आली की लगेच ‘आईपासून ताटातूट’ असं लिहू नका. रात्री ते कुणाच्या कुशीत झोपतं, पडल्यावर कुणाच्या नावाने रडतं, हे विचारा. आजी असेल तर त्याचा जिव्हाळा तिथे आहे, आणि मग जपायला हवी ती आजीची तब्येत. जिव्हाळ्याचा सिद्धांत तिथेही लागू आहे, फक्त माणूस बदललं.

मग सिद्धांत निवडायचे कसे? माझी पद्धत अशी. पहिल्या भेटीच्या आधी दोन सिद्धांत घेते, एक माणसाच्या आत बघणारा आणि एक बाहेर. शक्यतो दोघांचं एकमेकांशी पटू नये. वहीत दोन रकाने आखते. प्रत्येकाखाली लिहिते, हे खरं असेल तर त्या घरात मला काय दिसायला हवं, आणि काय दिसलं तर मी हे सोडून देईन? दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. त्या इचलकरंजीच्या बाईच्या वेळी मी तो लिहिला असता, ‘ती पुढची तजवीज करताना दिसली तर असहायता नाही’ एवढं जरी, तर तिची वही मला दीड वर्ष आधी दिसली असती. भेटीनंतर त्या दोन रकान्यांवर रेघ मारायची किंवा खूण करायची. तुमचा ‘सैद्धांतिक आधार’ तोच, वेगळा परिच्छेद लिहायची गरज उरत नाही. कोणता सुपरव्हायजर ते कसं स्वीकारेल हे सांगता येत नाही, काहींना ठरलेला आराखडाच हवा असतो. पण ‘लागू कसा केला?’ असं विचारणारा माणूस हे वाचून खूश होईल, असं मला वाटतं.

तुमच्या मुलीसाठी माझे दोन रकाने असे झाले असते. बाहेरचा: घराच्या वेळापत्रकामुळे तिची शाळा सुटली आहे. खरं असेल तर ज्या दिवशी वडील घरात झोपलेले असतात आणि आई कामावर असते, त्याच वेळेला भाऊ तिच्या कडेवर दिसेल, आणि वडिलांची पाळी बदलली त्या आठवड्यात तिची हजेरी थोडी तरी बदललेली असेल. शाळेतून हजेरीपट मिळवून तारखा लावून बघता येईल. आतला: शाळेत असं काही झालं की तिथे परत जाण्याची तिला शरम वाटते. मासिक पाळी सुरू झाली आणि शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्यासारखं नाही, वर्गात कुणी हसलं, गणितात मागे पडली, काहीही. मानसशास्त्रज्ञ बांडुरा ज्याला स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास म्हणतो तो ढासळलेला असेल, तर भाऊ अंगणवाडीत गेला तरी ती शाळेत जाणार नाही. हे तिला ‘शाळेत का जात नाहीस’ असं विचारून कळणार नाही. ‘कालचा दिवस उठल्यापासून सांग’ असं विचारा, आणि नंतर, ‘शाळेतला शेवटचा दिवस आठवतोय का?’ बोलताना आजी आणि आई शेजारी नकोत. पाणी भरायला जाते तेव्हा बरोबर चाला.

दोन्ही खरं निघू शकतं. भावामुळे आठ दिवस बुडाले, मग अभ्यास मागे पडला, मग शरम. बहुतेक वेळा असंच असतं, आणि मग काम दोन्हीकडून करावं लागतं: अंगणवाडीताईंशी बोलणं, आणि वर्गात परतताना पहिल्या दिवशी तिच्याबरोबर कोण असेल ते ठरवणं.

चौथी भेट सकाळी करा. साडेसहा-सातला, आई बाहेर पडून गेल्यावर आणि, वडील रात्रपाळीला असतील तर, ते यायच्या आधी. घरात न शिरता आधी दारात थोडं थांबा आणि भाऊ कुणाजवळ आहे ते बघा. आजीला डोळ्यांनी कितपत दिसतं, ती त्या पोरामागे धावू शकते का, हे तीन भेटींत तुम्ही विचारलेलं नाही. तेवढं विचारून या, मग पुढचं बोलू.